पाठीवरची पिशवी, खांद्यावरची झोळी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या महिन्यात आपल्या ग्रुपवर एक प्रश्न आला आणि दोन दिवसांत गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडला गेला. पाठीवर मोठी पिशवी घेऊन देशोदेशी फिरणाऱ्या तरुण मुलांचा एक व्हिडिओ कोणीतरी टाकला होता. त्यावर एका ज्येष्ठ काकांनी लिहिलं, "खिशात कार्ड आहे, महिन्याला पगार येतोय, आणि ही मुलं आठ जणांच्या खोलीत झोपतात, स्वतः डाळभात शिजवून खातात आणि म्हणतात आम्ही साधे राहतो. हा साधेपणा की साधेपणाची नक्कल?" त्याला एका मुलीने उत्तर दिलं, "काका, आपले संन्यासी पण असेच फिरायचे ना? झोळी आणि बॅकपॅक यात फरक काय?"

दोघांचंही म्हणणं मला पटलं, आणि म्हणूनच प्रश्न सोडवेना. कारण हा प्रश्न फक्त फिरणाऱ्या मुलांचा नाही. आपण एकादशी करतो, चातुर्मासात एकवेळ जेवतो, गाणगापूरला जाऊन झोळी पसरतो. घरी धान्याचे डबे भरलेले असताना उपाशी राहणं, हेही तसंच नाही का? हौसेने घेतलेल्या गरिबीला किंमत किती?

उदाहरण म्हणून माझ्या भाचीचं घेते. तिला विचारून लिहितेय. ती गच्चीबावलीत नोकरी करते. कंपनीच्या कामाने अमेरिकेत गेली होती, तिथून परतताना चार दिवस रजा काढून ती दक्षिण अमेरिकेत कोलंबिया देशाच्या राजधानीला, बोगोटाला, जाऊन आली. एकटी. पाठीवर एक पिशवी, त्यात दोन कपडे, एक स्वेटर, औषधं आणि तिच्या आईने दिलेली मेतकुटाची पुडी. बहिणीला चार रात्री झोप नव्हती, ते वेगळं.

बोगोटा समुद्रसपाटीपासून साधारण २६०० मीटर उंचीवर आहे. आपलं महाबळेश्वर १३००-१४०० मीटरवर, म्हणजे त्याच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळे पहिल्या दिवशी हिचं डोकं दुखायला लागलं, जिना चढला तरी धाप. ज्या स्वस्त वसतिगृहात ती उतरली होती तिथल्या सांभाळणाऱ्या बाईंनी तिला भांडंभर गरम पाणी आणून दिलं. एक घोट घेतला आणि ही चकित झाली. गूळपाणी! तिथे त्याला आग्वापानेला म्हणतात. पानेला म्हणजे आपला गूळच, उसाचाच, आपल्यासारखाच कढईत आटवलेला. जगात सगळ्यात जास्त गूळ आपल्या देशात होतो आणि दुसरा नंबर कोलंबियाचा. दारात आलेल्या वाटसरूला गूळपाणी द्यायची आपली रीत, आणि पृथ्वीच्या त्या टोकाला एका अनोळखी बाईने तिला तेच दिलं. भाकरीही मिळाली म्हणाली, मक्याची. तिला आरेपा म्हणतात. त्यावर मेतकूट घालून खाल्लं.

रविवारी सकाळी ७ ते दुपारी २ पर्यंत तिथे १०० किलोमीटरहून जास्त रस्ते मोटारींना बंद असतात. मुलंबाळं, म्हातारेकोतारे सगळे सायकलवर नाहीतर चालत. ही पद्धत १९७० च्या दशकापासून चालू आहे. टँक बंडवर रविवारी संध्याकाळी आपल्याकडे सुरू केलं होतं, तसंच काहीसं, पण अख्ख्या शहरात. रविवारीच तिथलं सोन्याचं संग्रहालय फुकट असतं, तेही तिने पाहिलं. तिथे सोन्याचा एक छोटासा तराफा आहे, वीतभर सुद्धा नाही. तिथल्या मूळच्या मुइस्का लोकांचा राजा तराफ्यावर बसून तळ्यात जाई आणि देवाला सोनं अर्पण करी, त्याचा तो देखावा. पुढे स्पॅनिश लोक आले आणि देवाला वाहिलेलं सोनं काढायला त्यांनी तळ्याचा काठच खणला. नांदेडच्या गाडीत बासरच्या पुलावर आपण गोदावरीत नाणं टाकतो, तेवढंच माझ्या डोळ्यांसमोर आलं. जाऊ द्या, तो विषय वेगळा.

शहराला लागूनच मोन्सेराते नावाचा डोंगर आहे, ३१५२ मीटर उंच. वर चर्च आहे. दोरीवरचा पाळणा आहे, रेल्वेसारखी गाडीही आहे, पण भाविक पायऱ्यांनी चढतात. काही अनवाणी, काही नवस असेल तर गुडघ्यांवर. भाची म्हणाली, "मावशी, खाली उदबत्त्या-माळांची दुकानं, मध्ये सरबतवाले, वर देऊळ. जेजुरीच की गं!" वर जो देव आहे तो मात्र मला विसरता येत नाही. ती येशूची मूर्ती आहे, सतराव्या शतकातली. क्रूसाचं ओझं वाहताना कोसळलेला येशू. त्याला लोक पडलेला प्रभू म्हणतात. आपले देव उभे आहेत, बसलेले आहेत, शेषावर निजलेले आहेत. ओझ्याखाली पडलेल्या देवाला भेटायला माणसं धापा टाकत डोंगर चढतात, ही गोष्ट मी दोन दिवस मनात घोळवत होते. त्या लोकांच्या आयुष्यात ओझं वाहून पडणारी माणसं खूप असली पाहिजेत, त्याशिवाय असा देव कोण मागेल?

आणि तशी माणसं तिला रस्त्यावर भेटलीच.

कोलंबियाच्या शेजारी व्हेनेझुएला. तिथे गेल्या दहा-बारा वर्षांत पैशाची किंमत इतकी घसरली की पोतंभर नोटांना काही येईना. लाखो लोकांनी देश सोडला. २० लाखांहून जास्त एकट्या कोलंबियात आले. बसच्या तिकिटाचे पैसे नव्हते ते सीमेवरच्या कुकुता गावापासून बोगोटापर्यंत चालत आले. साडेपाचशे किलोमीटर. मध्ये ३००० मीटरहून उंच, थंडगार, उघडं पठार. अंगावर उन्हाळ्यातले कपडे, पाठीवर पिशवी, कडेवर पोर. त्यांना तिथे नुसतं "चालणारे" म्हणतात. रस्त्यावरच्या कितीतरी घरांनी त्यांच्यासाठी दारं उघडली, सूप दिलं, पाव दिला, गूळपाणी दिलं. सगळीकडे नाही, हेही खरं. काही गावांनी हाकललं सुद्धा. २०१८ मध्ये बोगोटाच्या बस स्थानकाजवळ त्यांची तंबूंची वस्तीच उभी राहिली होती. पुढे २०२१ मध्ये सरकारने त्यांना दहा वर्षं राहण्याचा, काम करण्याचा परवाना देऊ केला.

ही माणसं बसमध्ये गोळ्या-चॉकलेटं विकतात, गाणी म्हणतात. आणि काहीजण एक अजब वस्तू विकतात: कवडीमोल झालेल्या आपल्या देशाच्या नोटांच्या घड्या घालून, एकात एक गुंफून केलेल्या पर्स. भाचीने त्यातली एक आणली. माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "बघ, अर्ध्या किमतीत आणली."

शेकडो नोटा होत्या तीत. प्रत्येक घडी सारखी. मी विचारलं, "किती वेळ लागला असेल गं त्या बाईला?"

ती जरा वेळ गप्प राहिली आणि मग तिने जे सांगितलं ते मला महत्त्वाचं वाटतं. म्हणाली, "मावशी, मी तिच्यावर दया करायला गेले नव्हते. तिने भाव सांगितला, मी भाव सांगितला, ती हसली, मी हसले. मी काही न बोलता दुप्पट पैसे तिच्या हातात ठेवले असते तर ती भिकारीण झाली असती आणि मी दाता. घासाघीस केली म्हणून आम्ही दोघी बाजारातल्या दोन बायका राहिलो." थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "पण मी उठून पुढे जाऊ शकत होते. ती जाऊ शकत नव्हती. मला ते तेव्हाही माहीत होतं."

माझ्या मते काकांच्या प्रश्नाची किल्ली इथेच आहे, म्हणून जरा थांबते.

गरीब कोण? ज्याच्याकडे वस्तू कमी, तो? मग संन्यासी सगळ्यात गरीब. लोकमान्य टिळकांनी आपल्या आठवणीत सांगितलं आहे की १८९२ मध्ये मुंबईहून पुण्याला येताना रेल्वेच्या डब्यात त्यांना एक तरुण संन्यासी भेटले. आठ-दहा दिवस ते टिळकांच्या घरी राहिले. नाव विचारलं तर नुसतं "संन्यासी" म्हणाले. जवळ पैसा नाही, एक मृगाजिन, एक-दोन वस्त्रं आणि कमंडलू. प्रवासात कोणीतरी तिकीट काढून देई. तेच पुढे स्वामी विवेकानंद म्हणून जगाला माहीत झाले. शिकागोला जाण्याआधी, फेब्रुवारी १८९३ मध्ये, ते आपल्या हैदराबादलाही आठवडाभर होते. निजामाच्या राजधानीत काही दिवस, सामान जवळजवळ काही नाही. गोवळकोंडा पाहिला, १३ तारखेला सिकंदराबादच्या महबूब कॉलेजात भाषण केलं. नवाब खुर्शीद जाह यांनी परदेशप्रवासासाठी १००० रुपये देऊ केले, तेव्हा ते त्यांनी घेतले नाहीत.

हे "घेतले नाहीत" बघा. ज्याच्याकडे उद्याच्या तिकिटाचे पैसे नाहीत तो हजार रुपयांना नाही म्हणू शकतो. त्याची झोळी रिकामी आहे, पण नाही म्हणण्याची ताकद त्याच्याकडे शाबूत आहे. माझ्या भाचीकडेही ती होती, फक्त ती कार्डातून आलेली होती, वैराग्यातून नाही. आणि नोटांच्या पर्स विकणाऱ्या बाईकडे ती अजिबात नव्हती. अंधार पडत आलेला, दोन पर्स उरलेल्या, शेजारी पोर. मिळेल त्याला हो म्हणायचं. नाही म्हणता न येणं, हेच मला दारिद्र्य वाटतं. वस्तू कमी असणं ही त्याची फक्त बाहेरची खूण.

म्हणून उपास आणि उपासमार एकाच पोटात होत असली तरी एक नाहीत. आपल्या एकादशीला दुसऱ्या दिवशी पारणं आहे. भुकेल्याला द्वादशी नसते. बॅकपॅकवाल्याच्या खिशात परतीचं तिकीट असतं, आणि परतीचं तिकीट असलेली भूक ही भूक नव्हे. इथपर्यंत काका अगदी बरोबर आहेत.

पण मग सगळं नक्कल म्हणून टाकून द्यायचं का? गाणगापूरची माधुकरी सुद्धा? तिथे काय होतं ते आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलं आहे. दुपारी चांगल्या घरचे, मोटारीतून आलेले लोक झोळी घेऊन पाच घरं मागतात. त्याच वेळी काही लोक माधुकरी वाढत असतात, कारण महाराज दुपारी कुठल्या रूपात भिक्षेला येतील सांगता येत नाही ही श्रद्धा. आणि त्याच गल्लीत खरे भिकारीही बसलेले असतात. सोन्याच्या बांगड्या घातलेला हात आणि झडलेल्या बोटांचा हात, दोन्ही एका ओळीत पुढे आलेले. माझ्या धाकट्या जावेला हे पहिल्यांदा पाहून रडू आलं होतं. ती म्हणाली, "ताई, मी त्या म्हातारीच्या वाट्याची भाकरी घेतेय असं वाटलं." तिला मी तेव्हा काही उत्तर दिलं नाही. उत्तर तयार नव्हतंच.

या बाबतीत मला ज्यांच्याकडून शिकायला मिळालं त्यांची गोष्ट आपल्या गावाच्या वेशीवरच घडली आहे, आणि आपण ती विसरलो आहोत.

१९५१ साली हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होतं. आज आरामघरच्या पुढे जी वस्ती आहे, तेच. विनोबांनी यावं असा आग्रह झाला. ते तेव्हा पवनारला होते, वय ५५, आणि पैशाशिवाय जगण्याचा प्रयोग चाललेला. येतो म्हणाले, पण चालत. वर्ध्याहून गाडी होती. तिकीट काढून द्यायला माणसं होती. तरी ८ मार्चला निघाले आणि सुमारे ३०० मैल चालत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पोहोचले. रोज नवं गाव, नवं घर, जे मिळेल ते.

आता काकांसारखं कोणी तेव्हा विचारलं असेल, की रेल्वे असताना चालायचं, हा काय देखावा?

संमेलन झालं. तेव्हा तेलंगणात जमिनीवरून रक्त सांडत होतं. एका बाजूला सशस्त्र कम्युनिस्ट, दुसऱ्या बाजूला पोलीस आणि लष्कर. रामनवमीला विनोबा तुरुंगात जाऊन कम्युनिस्ट कैद्यांना भेटले आणि नलगोंड्याच्या बाजूला चालत निघाले. १८ एप्रिलला पोचमपल्लीत आले. आज आपण जिथे इक्कत साड्या घ्यायला जातो तीच पोचमपल्ली. तिथे ४० दलित कुटुंबांनी त्यांना सांगितलं, आम्हाला कसायला ८० एकर जमीन मिळाली तर आम्ही जगू. विनोबांकडे काय होतं? एक एकरही नाही. त्यांनी जमलेल्या गावकऱ्यांनाच विचारलं, आणि वेदिरे रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उभे राहून म्हणाले, मी १०० एकर देतो. भूदानाचा काही आराखडा घेऊन विनोबा निघालेच नव्हते. तो रस्त्यात सापडला. त्यानंतर १३ वर्षं ते चालत होते. पुढे मिळालेल्या जमिनीपैकी बरीच नापीक निघाली, बरीच कधी वाटलीच गेली नाही, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण पोचमपल्लीतला तो क्षण खोटा ठरत नाही.

मला त्यात दिसतं ते असं. त्या ४० कुटुंबांनी जमीन मागितली ती गावात चालत आलेल्या माणसाकडे. मोटारीत बसलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही, काच वर असते. सिग्नलला काचेवर टकटक झाली तर आपण फोनमध्ये बघतो. चालणाऱ्याला कोणीही थांबवू शकतं. पत्ता विचारू शकतं, पाणी मागू शकतं, जमीनसुद्धा मागू शकतं. हौसेने घेतलेली गरिबी आपल्याला गरीब करत नाही, करू शकतच नाही. पण ती आपल्याला मागता येण्याजोगं करते, लोकांच्या हाताशी आणून ठेवते.

माऊलींचं अपरिग्रहावरचं प्रवचन अनेकांना आठवत असेल. घरात किती वस्तू आहेत हे त्यांनी मोजायला सांगितलं नव्हतं. तुमच्या घरी न कळवता कोण येऊ शकतं, एवढंच त्यांनी विचारलं होतं. सभागृहात किती शांतता पसरली होती!

तेव्हा भाचीच्या चार दिवसांकडे मी अशी बघते. पंचतारांकित हॉटेलात राहिली असती तर गूळपाणी देणारी बाई तिला भेटली नसती, आणि पर्सवाली बाई तर दरवानाने दारापासूनच दूर ठेवली असती. पिशवी पाठीवर घेतल्यामुळे ती त्या बाईच्या समोर, हातभर अंतरावर उभी राहिली. इथपर्यंत पिशवीने आपलं काम केलं. पुढचं काम पिशवीचं नव्हतं. घासाघीस करायला माझा विरोध नाही, मोंडा मार्केटात मीही करते, भाजीवालीही मला बरोबर ओळखून चार रुपये चढवूनच सांगते. उठून जाऊ शकणाऱ्या दोघांमधली घासाघीस हा खेळ आहे, गंमत आहे. पण समोरचा उठून जाऊ शकत नसेल तर तो खेळ राहत नाही. कमी खर्चात फिरण्याचा अभिमान असणाऱ्या मुलांना (आणि साडीच्या दुकानात नाही, पण रस्त्यावर फुलं विकणाऱ्या मुलीशी दोन रुपयांसाठी भांडणाऱ्या आपल्याला) एवढं विचारायला हरकत नाही की वाचलेला पैसा कोणाच्या अंगावरून वाचला.

आता सुरक्षिततेचं. बोगोटात पर्यटकांना एक खास सल्ला देतात, त्याचा शब्दशः अर्थ "पपई देऊ नका". म्हणजे कापून समोर ठेवलेल्या पपईसारखे राहू नका, कोणीही येऊन फोड उचलील. फोन हातात नाचवू नका, रात्री एकटे फिरू नका. भाचीने तो सल्ला पाळला आणि मी म्हणते बरं केलं. याउलट १९६२ मध्ये सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण अण्वस्त्रांच्या विरोधात दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टनला पायी निघाले तेव्हा विनोबांनी त्यांना सांगितलं की जवळ पैसे ठेवू नका. म्हणजे तुम्हाला रोज कोणाच्या तरी दारात जावंच लागेल. सगळी पपईच देऊन टाका म्हणा ना! ते दोघं तसे गेले आणि पोहोचले. पण ते पुरुष होते. एकट्या मुलीला हा सल्ला मी देणार नाही, कोणी दिला तर भांडेन. आपल्याकडे तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदाइसेसारख्या बाया भिक्षा मागत अटन करत होत्या, हे कॉलेजात शिकताना मला फार नवल वाटायचं. आजही वाटतं. सातशे वर्षांत रस्ते रुंद झाले, बायकांसाठी किती रुंद झाले हा हिशेब कोणीतरी करावा.

राहता राहिली ती तिसरी पिशवी. झोळी नाही, बॅकपॅक नाही, सिमेंटच्या रिकाम्या पोत्याची पिशवी.

एप्रिल-मे २०२०. टाळेबंदीत हैदराबादच्या बांधकामांवरचे मजूर नागपूर हायवेने चालत निघाले होते. बिहार, झारखंड, छत्तीसगड, उत्तर प्रदेश. १ मे रोजी मजुरांसाठीची देशातली पहिली खास गाडी आपल्या लिंगमपल्लीहूनच झारखंडला सुटली, पण ती साधारण बाराशे लोकांसाठी. बाकीचे रस्त्यावर. आपल्या केंद्राने मेडचलच्या पुढे सेवा घेतली होती, तेव्हा जे आले होते त्यांना आठवत असेल. आपण दहीभात आणि ताक नेलं होतं. एका बाईने पाकीट हातात घेण्याआधी विचारलं, "कितने का है?" फुकट आहे म्हटल्यावर ती मागे सरकली. फुकटाचा तिचा अनुभव काय असेल कोण जाणे. बाकीच्यांनी खाल्लं, आशीर्वाद दिले, पण ते काय मागत होते? दोनच गोष्टी. फोन चार्ज करायला मिळेल का, आणि चप्पल आहे का. डांबर तापून रबरी स्लीपरचे तळवे सोलले होते. काहींनी पायाला प्लॅस्टिकच्या बाटल्या चेपून बांधल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आपल्यातल्याच एका दादांनी ओळखीच्या दुकानदाराला मागच्या दाराने उठवून पोतंभर स्लीपर आणल्या. त्या तासाभरात संपल्या.

त्या रस्त्यावर त्यांच्याइतकं कमी सामान कोणाकडे नव्हतं. त्याला कोणी अपरिग्रह म्हणेल का? आणि हाच तो रस्ता, जिकडून ६९ वर्षांपूर्वी वर्ध्याचा एक माणूस आपल्या मर्जीने चालत आला होता.

माझ्या जावेला त्या दिवशी जे उत्तर देता आलं नाही ते आता थोडंफार देता येतं. भाकरी घेताना तिला शेजारची म्हातारी दिसली, हे माधुकरीने केलं. घरी बसून ती दिसली नसती. झोळी पसरायची ती म्हातारीच्या शेजारी बसायला मिळावं म्हणून. तिथे बसूनही जो फक्त आपल्या झोळीत बघतो त्याची मात्र नक्कलच, काका म्हणतात तशी.

मार्गशीर्षात दत्तजयंतीनंतर आपल्या केंद्रातून गाणगापूरला पायी जायचं ठरतंय. संगारेड्डी, जहीराबाद, हुमनाबाद, कलबुर्गी, असं साधारण अडीचशे किलोमीटर. तरुण मंडळी म्हणतात कुठलाच मुक्काम आधी ठरवायचा नाही, काका म्हणतात सगळे ठरवायचे. शेवटी दोन रात्री मोकळ्या सोडल्या आहेत. बायकांच्या आंघोळीची आणि स्वच्छतागृहाची सोय मात्र रोज पक्की असली पाहिजे, त्यावर मी अडून बसले आहे. पाठीवर एकच पिशवी, जास्तीत जास्त पाच किलो. बरोबरच्या टेम्पोत पाणी, औषधं, फोन चार्ज करायची सोय आणि सगळ्या मापांचे स्लीपरचे पन्नास जोड. आपल्यासाठी नाहीत ते. जहीराबाद-हुमनाबाद बाजूला ज्यांची ओळख असेल त्यांनी मला वैयक्तिक मेसेज करावा. जागा नको आहे. रस्त्यावरच्या कुठल्या गावात पाण्याचा त्रास आहे आणि कुठे ऊसतोडीच्या टोळ्या उतरलेल्या असतात, एवढं कळवा.

जय गुरुदेव.
एक सेविका, हैदराबाद केंद्र